रहिवासी म्हणजे कोण

बहारीनमधल्या सीफ भागातल्या एका मोठ्या हॉटेलात, बैठकांच्या हॉलच्या मागे एक पँट्री आहे. तिला खिडकी नाही. चहाचा बंब, दोन सिंक आणि कपांच्या चळती, एवढाच काय तो संसार. गोदाबाई शिगवण तिथं एकवीस वर्षं चहा करतायत. त्यांच्या हातचा चहा मंत्र्यांनी प्यायलाय, बँकवाल्यांनी प्यायलाय, पण त्यातल्या एकालाही गोदाबाईंचं नाव सांगता यायचं नाही. सांगता यावं अशी त्यांचीही अपेक्षा नव्हती. चहा वेळेवर गेला, कप वेळेवर परत आले, खलास.

पण ते कप परत कसे यायचे, हे एकदा कुणीतरी बघायला हवं होतं. समोशाचा एक घास तोडायचा आणि उरलेला चहात बुडवून ठेवायचा. बशीत च्युइंगम चिकटवायचं. नाक पुसलेला टिश्यू कपात कोंबायचा. टाय लावलेली, चार-चार भाषा बोलणारी माणसं ही. गोदाबाई हातमोजे घालून ते सगळं उपसायच्या आणि त्यांना रोज शिसारी यायची. एकवीस वर्षांत अंगवळणी पडायला हवं होतं, पण नाही पडलं. एक गोष्ट मात्र त्या शिकल्या होत्या. कप भरलेले परत आले की आत वाजलंय आणि रिकामे आले की जमलंय, हे त्यांना आत न डोकावता कळायचं.

त्यांचं गाव संगमेश्वर तालुक्यात. नवरा महादेव आधी आला, एसी दुरुस्तीच्या व्हॅनवर लागला, आणि मागून गोदाबाई हॉटेलच्या व्हिसावर आल्या. दोघं जिदहफ्स नावाच्या वस्तीत एका खोलीत राहतात. मुलगी विशाखा सहा वर्षांची होती तेव्हा तिला मावशीच्या पदरात टाकून आल्या होत्या. पोर न्हातीधुती झाली तेव्हा आई नव्हती. दहावीत शाळेत पहिली आली तेव्हा नव्हती. चिपळूणला नर्सिंगला गेली तेव्हा तिची बॅग मावशीनं भरली. लग्नाला बारा दिवसांची लीव्ह मिळाली, त्यातला एक दिवस तर जाण्यात आणि एक येण्यात गेला. जावई स्वरूप लॅबमध्ये काम करतो, गुणी मुलगा, पण त्याला आई नाही. म्हणजे विशाखाला सासू नाही.

म्हणून गोदाबाईंनी मनाशी एकच धरलं होतं, की पोरीचं पहिलं बाळंतपण मी करणार. माहेरची रीत आहे ती. बाकी सगळं चुकलं ते चुकलं, हे नाही चुकवायचं. महादेवला त्यांनी बजावून ठेवलं होतं की त्या वेळी लीव्ह नाही मिळाली तर मी नोकरीवर पाणी सोडीन.

आता विशाखा आणि स्वरूप नोकरीला होते एका बेटावर. त्या बेटाचं नाव सांगून उपयोग नाही, नकाशावर शोधायला भिंग लागेल. बेट स्वतंत्र नाही, दूरच्या एका मोठ्या देशाच्या ताब्यातलं आहे. हॉटेलातले नोकर त्या देशाला 'मालक' म्हणायचे. मालकाच्या माणसाला बहारीनच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या शिक्का मिळायचा. बेटावरच्या माणसाला मात्र आधी व्हिसा हवा, आणि तो काढायला दोन विमानं बदलून मालकाच्या राजधानीत जायचं. इथून बेटावर जायचं तर मालकाच्या व्हिसा सेंटरात अर्ज, मुलाखत आणि मग चौदा-चौदा आठवडे वाट. हा त्रास दोन्हीकडून संपवायचा म्हणून वाटाघाटी सुरू झाल्या, आणि त्या नेमक्या गोदाबाईंच्या हॉलमध्ये.

पहिली फेरी ऑक्टोबरात झाली. टेबलाच्या एका अंगाला यजमान, म्हणजे बहारीनची माणसं, दुसऱ्या अंगाला मालक देशाची सात माणसं. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट, त्या बेटाचा एकच माणूस होता. तो टेबलाच्या टोकाला बसलेला, आणि त्याच्यापुढे माइकसुद्धा नव्हता. पन्नाशीचा, सावळा, ढगळ कोट. आख्ख्या हॉलमध्ये चहा घेताना थँक यू म्हणणारा तेवढा एकच. दुपारी तो पँट्रीच्या दाराशी पाणी मागायला आला, तेव्हा गोदाबाईंनी धीर करून मोबाइलवरचा विशाखाचा फोटो दाखवला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, माझी मुलगी, तुमच्या हॉस्पिटलात नर्स. त्या माणसाचा चेहरा एकदम खुलला. बेट ते केवढं! या सिस्टरनं माझ्या आईला शेवटपर्यंत सांभाळलं, म्हणाला. तुमच्यासारख्यांचं मी आत बोलेन, म्हणाला.

बोललाही बिचारा. दार फटीएवढं उघडं होतं, गोदाबाईंनी ऐकलं. आमचं हॉस्पिटल बाहेरून आलेल्या नर्सेस चालवतात, त्यांचाही विचार व्हावा, असं काहीतरी तो म्हणत होता. मालक देशाचा प्रमुख, पांढऱ्या केसांचा, गुलाबी गालांचा गृहस्थ, त्याच्याकडे न बघताच म्हणाला की हा तपशील नंतर घेऊ. मग त्यानं रिकामा कप हवेत धरला. धरला म्हणजे धरूनच ठेवला, कुणीतरी येऊन घेईल म्हणून. गोदाबाईंनी जाऊन घेतला.

नोव्हेंबरात विशाखाचा फोन आला की दिवस गेलेत. गोदाबाईंनी त्याच आठवड्यात बेत पक्का केला. बेटावरून गावी जायला विशाखाला कुठला व्हिसा लागत नव्हता. तिनं फेब्रुवारीच्या शेवटी गावी यायचं, गोदाबाईंनी एप्रिलमध्ये दोन महिन्यांची लीव्ह टाकून जायचं, आणि बाळंतपण गावात करायचं. बँक्वेटचा कॅप्टन, म्हणजे गोदाबाईंचा वरचा माणूस, अर्शद, लखनौकडचा, तोंडाने फटकळ पण मनाचा बरा. त्यानं लीव्ह मंजूर केली. महादेव मनाम्याच्या जुन्या बाजारात, सूकमध्ये जाऊन डिंक, अळीव, खारीक घेऊन आला. विशाखाचं तिकीटही निघालं.

आणि जानेवारीत दुसरी फेरी झाली.

या फेरीत गोदाबाईंनी जे वाक्य ऐकलं, त्यानं सगळा घात केला. कागद वाचून दाखवणारा एक तरुण होता सलील, पुण्याचा, इथल्या एका कन्सल्टन्सीत, मालक देशानं मसुदा लिहायला नेमलेला. त्यानं खणखणीत आवाजात वाचलं की दोन्ही बाजूंच्या रेसिडेंट्सना व्हिसाशिवाय ये-जा करता येईल, आणि सह्या फेब्रुवारीत. गोदाबाईंना इंग्रजी फारसं येत नाही. पण रेसिडेंट हा शब्द? अहो, तो शब्द त्यांच्या गळ्यात एकवीस वर्षं लटकतोय! रेसिडेंट कार्ड दवाखान्यात दाखवायचं, सिम घेताना दाखवायचं, पोलिसानं हटकलं तर दाखवायचं. आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला विचारा, रेसिडेंट म्हणजे कोण? तो खिशातून कार्ड काढून तुमच्यापुढे धरेल. दुसरा अर्थ त्याला ठाऊकच नाही.

तरी त्या सावध बाई. हॉलबाहेर त्यांनी सलीलला गाठलं. मराठी ऐकून तो खूष झाला, मावशी मावशी करत चहाची तारीफ केली. गोदाबाईंनी गळ्यातलं कार्ड पुढे केलं आणि नीट विचारलं, साहेब, यात आम्ही आलो ना? सलीलचा फोन वाजत होता. त्यानं कार्डाकडे पाहिल्यासारखं केलं.

"हो हो मावशी, कार्ड आहे ना? मग झालं तर."

एवढं म्हणून तो लिफ्टमध्ये शिरला. व्याख्या ठरायच्या आहेत, त्या परिशिष्टात येतील, हे त्याला तेव्हा पक्कं ठाऊक होतं. सांगायला किती वेळ लागला असता? लिफ्टचं दार मिटेपर्यंत सांगून झालं असतं. पण चहावाल्या मावशीला परिशिष्ट कशाला समजवायचं? तिला गोड बोललं की काम झालं. शिकलेल्या माणसाच्या या गोड बोलण्याची किळस येते.

गोदाबाईंनी त्याच दुपारी विशाखाला फोन केला. गावी जाऊ नको म्हणाल्या. गावात धड डॉक्टर नाही, रत्नागिरीपर्यंत न्यायचं म्हणजे दोन तास, तू तुझ्या हॉस्पिटलात राहा, तुझ्या ओळखीच्या माणसांत. मी तिकडे येते, आता व्हिसाच लागणार नाही. विशाखा जरा कचरली. आई, नक्की ना? म्हणून तिनं दोनदा विचारलं. नक्की, म्हणाल्या गोदाबाई, मी माझ्या कानांनी ऐकलंय. महादेव म्हणाला, कागद हातात पडू दे, मग तिकीट मोडू. त्यावर त्या त्याच्यावरच डाफरल्या की तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. तिकीट मोडलं.

फेब्रुवारी आला आणि सह्या काही झाल्या नाहीत. का, तर समारंभात बेटाचा झेंडा टेबलावर ठेवायचा की नाही, यावर अडलं. ठेवला तर बेट स्वतंत्र असल्यासारखं दिसतं, म्हणे. दोन दिवस त्या वीतभर फडक्यावर घासाघीस. मग अडलं ते एका वाक्यात 'शॅल' लिहायचं की 'शुड' यावर. त्या दिवशी छत्तीस कप भरलेले परत आले, वर साय धरलेले. मार्चमध्ये प्रमुखाची सुट्टी होती, बर्फावर घसरायला जायची, म्हणून बैठक पुढे. तिकडे विशाखाचे दिवस कुणासाठी थांबणार होते? सातवा सरला, आठवा लागला. आता तिला विमानात कुणी घेतलं नसतं. गावी जायची वाट बंद झाली, आणि ती गोदाबाईंनी आपल्या तोंडानं बंद केली होती. पण त्या घाबरल्या नव्हत्या. एप्रिलची लीव्ह त्यांनी अर्शदकडून मेपर्यंत पुढे ढकलून घेतली होती. सह्या आज ना उद्या होणार, आपल्याला फक्त विमानात बसायचंय, असं त्या धरून चालल्या होत्या.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची बैठक झाली. बेटावरचा माणूस या वेळी आलाच नव्हता. त्याची खुर्चीसुद्धा काढून टाकली होती. सकाळी अकराला आत काहीतरी वाचलं गेलं, पाच मिनिटं झाली असतील नसतील, हसण्याचा आवाज आला, आणि सगळेच्या सगळे कप रिकामे परत आले. सात महिन्यांत असं पहिल्यांदा झालं होतं. गोदाबाईंनी ते कप विसळताना देवाचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या. झेंड्यांचा आकार असलेला केक, फुलं, फोटोवाले. मालक देशाची प्रसिद्धीची बाई, उंच टाचांची, अर्शदच्या मागे लागली की मला एक साधासुधा रेसिडेंट हवा, ज्याला या कराराचा फायदा होईल असा, खराखुरा चेहरा. अर्शद धावत पँट्रीत आला. आँटी, तुमची मुलगी तिकडेच आहे ना, चला. गोदाबाईंनी ओला हात एप्रनला पुसला, केस सारखे केले आणि गेल्या. त्या बाईनं त्यांचं एप्रन काढायला लावलं. मग म्हणाली, नको, असू दे, तसंच बरं दिसतं. गळ्यातलं कार्ड हातात धरायला लावलं. मागे गुलाबी गालांचा प्रमुख येऊन उभा राहिला, त्यानं गोदाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला, आणि अर्शद समोरून खुणावत होता, स्माइल, आँटी, स्माइल. गोदाबाईंना खूण करायची गरजच नव्हती. तोंडभर हसल्या त्या. आयुष्यात एवढं मोकळं त्या कॅमेऱ्यापुढे कधी हसल्या नव्हत्या.

करार मे महिन्याच्या पहिल्या तारखेला लागू झाला. विशाखाला नऊ-दहा दिवस उरले होते. तीन तारखेला गोदाबाई रजा घेऊन मालक देशाच्या व्हिसा सेंटरात गेल्या. व्हिसा नको असला तरी पासपोर्टवर एक मोफत स्टिकर लावून घ्यायचं होतं. सेंटर सीफमध्येच होतं, एका टॉवरच्या चौथ्या मजल्यावर. महादेव खाली व्हॅनमध्ये थांबला.

दार उघडून आत गेल्या तर समोरच्या भिंतीवर त्याच. माणूसभर उंचीचं पोस्टर. एप्रन, हातातलं कार्ड, खांद्यावरचा तो गुलाबी हात आणि तोंडभर हसू. वर इंग्रजीत आणि अरबीत लिहिलेलं. गोदाबाईंना अक्षरं लागली ती एवढीच, रेसिडेंट्स आणि नो व्हिसा. त्या लाजल्या. पदर सारखा करून रांगेत उभ्या राहिल्या, कुणी ओळखेल म्हणून मान खाली घालून.

खिडकीवर जिकरा नावाची मुलगी होती, जेमतेम पंचविशीची, हिंदी छान बोलणारी. तिनं पासपोर्ट उघडला, कार्ड पाहिलं, स्क्रीनवर काहीतरी वाचलं आणि म्हणाली की आँटी, तुम्ही यात येत नाही. गोदाबाईंना वाटलं, हिची काहीतरी गफलत होतेय. त्यांनी कार्डावरच्या शब्दावर बोट ठेवलं. रेसिडेंट. हे बघ ना. जिकरानं आवाज खाली आणला. करारात मागे एक परिशिष्ट आहे, त्यात लिहिलंय की या करारापुरता रेसिडेंट म्हणजे ज्याच्याकडे इथला पासपोर्ट आहे तो. नोकरीच्या परमिटवर राहणारे त्यात मोजायचे नाहीत. तुम्ही नेहमीचा अर्ज करा, चौदा आठवडे लागतील.

एवढं बोलून तिचं लक्ष सहज भिंतीकडे गेलं. मग गोदाबाईंकडे. मग पुन्हा भिंतीकडे. आणि तिनं मान खाली घातली, पासपोर्ट काचेखालून हळूच परत सरकवला. ती तरी काय करणार.

गोदाबाई बाजूच्या खुर्चीवर बसल्या, अर्शदकडून सलीलचा नंबर घेतला आणि त्याला फोन लावला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला. सुरुवातीला त्याला मावशी कोण तेच आठवेना. मग आठवलं, बेटावरच्या मुलीचंही गोदाबाईंनी सांगितलं, आणि तो घाईघाईनं सांगू लागला की हो, ते शेवटच्या बैठकीत ठरलं, सकाळी अकराला. बेटाकडच्याही बाहेरून आलेल्या नोकरदारांना वगळलंय, म्हणजे तुमची मुलगीही त्यात नाही. मालक देशाचीच अट होती ती, नाहीतर करारच झाला नसता. बाकी सात महिने भांडले, पण यावर कुणाचंच काही अडलं नाही, पाच मिनिटांत झालं. मी काय, मी फक्त टाइप केलं, मावशी.

गोदाबाईंनी त्याला शिव्या दिल्या नाहीत. तोंडाशी आल्या होत्या, संगमेश्वरी, एकाहून एक. पण त्यांनी विचारलं एवढंच.

"जानेवारीत मी तुम्हाला विचारलं होतं. तेव्हा का नाही सांगितलंत?"

 तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

 या माणसांची खरकटी एकवीस वर्षं आपण उपसली, आणि त्यांनी आपल्याला त्यातच धरलं, वापरायचं आणि बशीत टाकायचं. खांद्यावर त्या माणसाचा हात अजून आहे असं वाटून त्यांनी पदरानं खांदा दोनदा पुसला. सेंटरमधली माणसं बघत होती. बघू देत. भिंतीवरची बाई त्या सगळ्यांकडे बघून हसत होती, आणि गोदाबाईंना त्या प्रमुखाहून, त्या सलीलहून जास्त किळस तिची आली. काय म्हणून हसतेय ही मेली?

त्या उठल्या, लिफ्टनं खाली आल्या. ऊन मी म्हणत होतं. महादेवनं लांबूनच त्यांचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता व्हॅनचं दार उघडलं. त्याला म्हणता आलं असतं, मी सांगत होतो तिकीट मोडू नको म्हणून. तो म्हणाला नाही. गोदाबाई आत बसल्या तोच फोन वाजला. विशाखा.

पोरीचा आवाज आनंदानं फुटत होता. आई, म्हणाली, आमच्या हॉस्पिटलच्या दारात तुझा फोटो लागलाय, एवढा मोठा! सगळ्या सिस्टर्स येऊन बघून गेल्या. सगळ्यांना सांगितलं मी, ही माझी आई आहे, बाळंतपणाला येतेय. मेट्रननं मला तिच्याजवळची खोली दिलीय, तुला रात्री झोपायला पलंग पण ठेवलाय. कधीचं विमान मिळालं?

गोदाबाईंनी एकदा महादेवकडे पाहिलं. त्यानं मान वळवली.

"फोटो पोचला ना गो? तेवढीच पोचले मी. मला नाही येऊ देत. आपण त्यांच्यात धरलेले नाही, तू पण नाही, मी पण नाही."

 पलीकडे हॉस्पिटलातली घंटा वाजली, कुणीतरी कुणाला हाक मारली, पावलं गेली. विशाखा रडत नव्हती. लहानपणापासून तिला फोनवर रडायची सवयच नव्हती, मावशीनं लावली नव्हती. ती बोलली, अगदी हळू, खरंच कळत नाही म्हणून विचारावं तशी.

"मग हसलीस कशाला आई?"